अमेरिकेतील टॅक्स क्रेडिट : पगाराआधी कार्ड पाहा

अमेरिकेत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांत फेब्रुवारी-मार्च उजाडला की एकच प्रश्न फिरत असतो : "आमचा पगार इतका आहे, तर मुलांचे क्रेडिट मिळेल का?" प्रश्न साहजिक आहे, पण त्याचा क्रम चुकलेला आहे. अमेरिकी संघीय करकायद्यात कुटुंबांसाठी आणि कमी उत्पन्नाच्या नोकरदारांसाठी जी क्रेडिट आहेत, त्यांची पात्रता पाहताना उत्पन्नाची पायरी शेवटी येते. त्याआधी आपण करदृष्ट्या निवासी आहोत की अनिवासी, घरातील प्रत्येकाकडे कोणता क्रमांक आहे (सोशल सिक्युरिटी कार्डावरचा की केवळ करापुरता) आणि मूल वर्षातील किती काळ आपल्याजवळ राहिले, हे ठरवावे लागते. भारतातून आलेल्या कुटुंबांचे दावे अडतात ते बहुधा या पहिल्या पायऱ्यांवर. पुढील विवेचन २०२५ या करवर्षाचे आहे, म्हणजे ज्याचे विवरणपत्र १५ एप्रिल २०२६ पर्यंत भरायचे त्या वर्षाचे.

वजावट आणि क्रेडिट या दोन गोष्टींची गल्लत होते, म्हणून प्रथम तेवढे स्पष्ट करतो. वजावट उत्पन्नातून होते आणि क्रेडिट थेट करातून वजा होते. क्रेडिटमध्येही दोन प्रकार आहेत. एक प्रकार कर शून्यावर आणून थांबतो. भारतातील कलम ८७अ खालील सवलत याच जातीची आहे. दुसरा प्रकार परताव्याचा असून, कर शून्य झाल्यावर उरलेली रक्कम सरकार आपल्या खात्यात जमा करते. कामगारांसाठी १९७५ पासून असलेले अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट पूर्णपणे परताव्याचे आहे. चाइल्ड टॅक्स क्रेडिट अंशतः परताव्याचे आहे. इतर अवलंबितांसाठीचे ५०० डॉलरचे क्रेडिट आणि पाळणाघराच्या खर्चाचे क्रेडिट मात्र करापुरतेच चालते.

पहिली पायरी : दिवस मोजा

व्हिसाचे नाव आणि करनिवासाचा दर्जा या दोन वेगळ्या बाबी आहेत. ग्रीनकार्ड नसलेल्या व्यक्तीचा दर्जा अमेरिकेतील मुक्कामाच्या दिवसांवरून ठरतो. चालू वर्षात किमान ३१ दिवस मुक्काम हवा. शिवाय चालू वर्षाचे सर्व दिवस, त्याआधीच्या वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याच्याही आधीच्या वर्षाच्या दिवसांचा एक षष्ठांश यांची बेरीज १८३ वा अधिक भरली पाहिजे. पासपोर्ट आणि विमानाची तिकिटे घेऊन कॅलेंडरवर खुणा केल्या, तर हे काम अर्ध्या तासात होते.

एच-१बी किंवा एल-१ या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांचे दिवस पहिल्या दिवसापासून मोजले जातात. एफ-१ विद्यार्थ्यांचे तसे नाही. त्यांची पाच कॅलेंडर वर्षे मोजणीतून वगळली जातात आणि त्या वर्षात एक दिवस जरी मुक्काम झाला, तरी ते वर्ष खर्ची पडते. २८ डिसेंबर २०२१ रोजी उतरलेल्या विद्यार्थ्याचे २०२१ हे पहिले वर्ष धरले जाते, त्यामुळे २०२५ मध्ये त्याची पाच वर्षे संपतात आणि २०२६ पासून त्याचे दिवस मोजणीत येतात.

अर्न्ड इन्कम क्रेडिटसाठी हा दर्जा निर्णायक आहे. वर्षातील काही काळ जरी अनिवासी असाल, तरी ते मिळत नाही. अपवाद एवढाच, की विवाहित जोडपे एकत्र विवरणपत्र भरून पूर्ण वर्षासाठी निवासी धरले जाण्याची निवड करू शकते. ही निवड फुकट नसते. मे महिन्यात पुण्याहून आलेल्या जोडप्याने ती केली, तर जानेवारी ते एप्रिलचा पुण्यातील पगार, बँकेतील ठेवींचे व्याज आणि फ्लॅटचे भाडे हे सारे अमेरिकी विवरणपत्रात दाखवावे लागते. भारतात भरलेल्या कराचे श्रेय मिळते, पण त्यासाठी वेगळा फॉर्म जोडावा लागतो.

एक बारीक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. पती आधी आला आणि पत्नी व मुलगी १० ऑगस्टला आल्या, असे समजा. ऑगस्टपासून डिसेंबरअखेर त्यांचे १४४ दिवस भरतात, म्हणजे १८३ पेक्षा कमी. पतीपत्नीने एकत्र विवरणपत्राची निवड केली, की पत्नीचा प्रश्न सुटतो. परंतु त्या निवडीने मुलगी निवासी होत नाही. त्यामुळे भारतीय नागरिक असलेल्या त्या मुलीसाठी त्या वर्षी सर्वसाधारणपणे ५०० डॉलरचे क्रेडिटही मिळत नाही. पहिल्या वर्षापुरती वेगळी निवड करण्याची एक वाट कायद्यात आहे, पण त्यासाठी पुढच्या वर्षीचे दिवस भरेपर्यंत थांबावे लागते आणि ते काम जाणकाराकडून करून घेणे बरे.

दुसरी पायरी : कार्डावरील मजकूर वाचा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे. चाइल्ड टॅक्स क्रेडिटसाठी मुलाकडे नोकरीसाठी वैध असा सोशल सिक्युरिटी क्रमांक असावा लागतो. आयटीआयएन हा केवळ कर भरण्यापुरता दिलेला क्रमांक आहे आणि तो या क्रेडिटला चालत नाही. एच-१बी धारकाच्या सोशल सिक्युरिटी कार्डावर "गृहसुरक्षा विभागाच्या परवानगीसहच कामास वैध" अशा अर्थाची ओळ छापलेली असते. ती पाहून काही जण उगाच घाबरतात. परवानगी चालू असेल तोवर हा क्रमांक वैधच धरला जातो. "नोकरीसाठी वैध नाही" असे छापलेले कार्ड असेल, तर मात्र ते या क्रेडिटच्या कामाचे नाही.

याचा परिणाम एकाच घरात कसा दिसतो, ते पाहू. एडिसनमध्ये राहणारे एक जोडपे धरा. पतीकडे एच-१बी, पत्नीकडे एच-४, म्हणजे एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांना मिळणारा व्हिसा. थोरली मुलगी पुण्यात जन्मलेली, वय ९, तीही एच-४ वर. धाकटा मुलगा न्यू जर्सीत जन्मलेला, वय ३, म्हणून जन्माने अमेरिकी नागरिक. दोघे एकाच खोलीत झोपतात आणि एकाच डब्यातली पोळी खातात, पण विवरणपत्रात धाकट्याचे २,२०० डॉलर आणि थोरलीचे ५०० डॉलर होतात, कारण तिच्याकडे आयटीआयएन आहे. घराचे उत्पन्न १,२८,००० डॉलर असेल, तर ३१,५०० डॉलरची प्रमाणित वजावट जाऊन ९६,५०० डॉलरवर सुमारे ११,१०० डॉलर कर बसतो. त्यातून २,७०० डॉलर गेले, की सुमारे ८,४०० डॉलर उरतात.

मुलाप्रमाणेच पालकाच्या क्रमांकाचीही अट २०२५ पासून आली आहे. ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याने क्रेडिट २,००० वरून २,२०० डॉलर केले, आणि सोबत पालकाकडेही नोकरीसाठी वैध सोशल सिक्युरिटी क्रमांक असावा अशी अट घातली. विवाहितांच्या एकत्र विवरणपत्रात दोघांपैकी एकाकडे तो असला, तरी चालते. म्हणून वरील जोडप्यात पत्नीकडे फक्त आयटीआयएन असूनही काही बिघडत नाही. अर्न्ड इन्कम क्रेडिटचा नियम याहून कडक आहे : तेथे पती आणि पत्नी या दोघांकडे, तसेच ज्या मुलांच्या आधारे रक्कम वाढवायची त्या प्रत्येकाकडे, वैध सोशल सिक्युरिटी क्रमांक हवा. एच-४ वरील पत्नीला कामाचा परवाना मिळालेला नसेल, तर उत्पन्न कितीही कमी असले, तरी एकत्र विवरणपत्रात त्या घराला हे क्रेडिट मिळत नाही.

क्रमांकाची तारीखही पाहिली जाते. तो विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत, मुदतवाढ घेतली असल्यास वाढीव मुदतीपर्यंत, जारी झालेला असला पाहिजे. येथेच एक उपयुक्त संधी दडलेली आहे. ग्रीनकार्ड मंजूर होण्याच्या बेतात असेल आणि मुलीचा सोशल सिक्युरिटी क्रमांक मे किंवा जून २०२६ मध्ये येण्याची शक्यता असेल, तर घाईने एप्रिलमध्ये विवरणपत्र भरू नये. फॉर्म ४८६८ वेळेत भरून १५ ऑक्टोबरपर्यंतची मुदतवाढ घ्यावी. त्या काळात क्रमांक आला, तर २०२५ साठी तिचे ५०० चे २,२०० डॉलर होतात. मात्र ही मुदतवाढ विवरणपत्र भरण्याची आहे, कर भरण्याची नव्हे. देणे असलेला कर अंदाजाने एप्रिलमध्येच भरावा लागतो. मागील वर्षांची विवरणपत्रे दुरुस्त करून नव्या क्रमांकावर जुने क्रेडिट मागता येत नाही, ही गोष्ट ग्रीनकार्डच्या आनंदात अनेक जण विसरतात.

आयटीआयएनसाठी फॉर्म डब्ल्यू-७ विवरणपत्राला जोडावा लागतो. मुलाच्या पासपोर्टावर अमेरिकेत प्रवेशाची तारीख नसेल, तर एकटा पासपोर्ट पुरेसा धरला जात नाही. शाळेची किंवा वैद्यकीय नोंद जोडावी लागते. मूळ पासपोर्ट टपालाने पाठवण्यास कोणाचाही हात धजत नाही, आणि सुट्टीत भारतात जायचे असेल तर मुळीच नाही. अशा वेळी आयआरएसने, म्हणजे अमेरिकी करखात्याने, मान्यता दिलेल्या मध्यस्थाकडून किंवा आयआरएसच्या मदत केंद्रातून कागद तपासून घ्यावेत. सलग तीन वर्षे विवरणपत्रात न वापरलेला आयटीआयएन बाद होतो, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरी पायरी : मूल, वय आणि मुक्काम

चाइल्ड टॅक्स क्रेडिटसाठी मूल ३१ डिसेंबर रोजी १७ वर्षांखालील असावे. त्या वर्षी सतरावा वाढदिवस झाला, की २,२०० चे ५०० होतात. उलट ३१ डिसेंबरच्या रात्री जन्मलेल्या बाळाचेही त्या वर्षाचे पूर्ण क्रेडिट मिळते. अर्न्ड इन्कम क्रेडिटमध्ये वयोमर्यादा १९ वर्षांखालील, आणि पूर्णवेळ विद्यार्थी असल्यास २४ वर्षांखालील अशी आहे. स्वतःच्या मुलांखेरीज भावंडे, पुतणे, भाचे आणि नातवंडेही नात्याच्या अटीत बसतात.

मूल वर्षातील अर्ध्याहून अधिक काळ आपल्याजवळ राहिलेले असावे. उन्हाळ्यात दोन महिने साताऱ्याला आजोळी गेले, तर ती तात्पुरती गैरहजेरी ठरते आणि त्याने काही अडत नाही. परंतु दोघेही नोकरीत अडकलेले असल्याने तान्हे बाळ वर्षभरासाठी आजीकडे ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. तसे केले असेल, तर मूल अमेरिकी नागरिक असूनही त्या वर्षी मुक्कामाची अट पूर्ण होत नाही, असेच धरून चालावे. अर्न्ड इन्कम क्रेडिटमध्ये तर ते घर अमेरिकेतच असावे लागते. घटस्फोटित पालकांत मूल ज्याच्याकडे राहते, तो पालक फॉर्म ८३३२ वर सही करून चाइल्ड टॅक्स क्रेडिट दुसऱ्याला देऊ शकतो, पण अर्न्ड इन्कम क्रेडिट असे देता येत नाही.

आता आईवडिलांविषयी. "मी दरमहा घरी पैसे पाठवतो, मग ते माझ्यावर अवलंबून नाहीत का?" हा प्रश्न मनाला पटणारा असला, तरी कायद्याचे उत्तर सरळ नाही असे आहे. अवलंबित व्यक्ती अमेरिकेची नागरिक वा निवासी, किंवा कॅनडा वा मेक्सिकोची रहिवासी असावी लागते. कोल्हापुरात राहणाऱ्या आईचा संपूर्ण खर्च आपण करत असलात, तरी ती या विवरणपत्रात येत नाही. पर्यटक व्हिसावर आलेल्या आईवडिलांचे दिवस १८३ च्या मोजणीत भरले, तर कागदोपत्री ५०० डॉलरचा विचार होऊ शकतो. पण त्यांचे स्वतःचे वर्षाचे उत्पन्न ५,२०० डॉलरपेक्षा, म्हणजे साडेचार लाख रुपयांच्या आसपास असलेल्या मर्यादेपेक्षा, कमी हवे आणि निम्म्याहून अधिक खर्च आपण केलेला हवा. निवृत्त शिक्षकाचे किंवा बँक कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन बहुधा या मर्यादेवर जाते. शिवाय १८३ दिवस भरल्यावर ते स्वतःच करनिवासी ठरण्याचा आणि त्यांचे भारतातील उत्पन्न इथे दाखवावे लागण्याचा प्रश्न उभा राहतो. पाचशे डॉलरसाठी हा खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चौथी पायरी : आता उत्पन्न

चाइल्ड टॅक्स क्रेडिटची वरची मर्यादा उदार आहे. एकत्र विवरणपत्रात ४ लाख डॉलर आणि इतरांना २ लाख डॉलर उत्पन्नापर्यंत ते पूर्ण मिळते. त्यापुढे दर १,००० डॉलरमागे ५० डॉलर कमी होतात. दोन आयटी पगारांचे मिळून ४,२०,००० डॉलर असतील, तर १,००० डॉलर कमी होतील, एवढेच. म्हणून मराठी नोकरदारांपैकी बहुसंख्यांना उत्पन्नाची नव्हे, क्रमांकाचीच चिंता करायला हवी. खालच्या बाजूला, परताव्याचा भाग २०२५ साठी प्रत्येक मुलामागे जास्तीत जास्त १,७०० डॉलर आहे आणि तो २,५०० डॉलरवरील श्रमाच्या उत्पन्नाच्या १५ टक्क्यांपर्यंतच मिळतो.

अर्न्ड इन्कम क्रेडिटचे गणित याहून वेगळे आहे. २०२५ साठी कमाल रक्कम मूल नसल्यास ६४९, एका मुलासाठी ४,३२८, दोन मुलांसाठी ७,१५२ आणि तीन वा अधिक मुलांसाठी ८,०४६ डॉलर आहे. एकत्र विवरणपत्र भरणाऱ्यांची उत्पन्नमर्यादा एका मुलासाठी ५७,५५४, दोन मुलांसाठी ६४,४३० आणि तिघांसाठी ६८,६७५ डॉलर आहे. एकट्या पालकासाठी या मर्यादा प्रत्येकी सुमारे ७,१०० डॉलरने कमी आहेत. मूल नसलेल्या व्यक्तीचे वय २५ ते ६४ असावे लागते. विवाहित असून वेगवेगळी विवरणपत्रे भरणाऱ्यांना हे क्रेडिट सहसा मिळत नाही.

हे क्रेडिट आपल्यासाठी नाही, असे समजणारे पुष्कळ आहेत; मराठी माणूस म्हणजे संगणक अभियंता, ही कल्पना त्यामागे असावी. प्रत्यक्षात भावंडांच्या अर्जावरून ग्रीनकार्डावर आलेली, किराणा दुकानात, मोटेलमध्ये किंवा पेट्रोल पंपावर काम करणारी मराठी कुटुंबे आहेत. अशा एका घरात दोघांची मिळून कमाई ४०,००० डॉलर आणि वैध क्रमांकाची दोन लहान मुले असतील, तर अर्न्ड इन्कम क्रेडिट सुमारे ५,१४५ डॉलर होते. कर ८५० डॉलर निघतो, तो चाइल्ड टॅक्स क्रेडिटमध्ये विरून जातो आणि वर ३,४०० डॉलर परत येतात. एकूण साडेआठ हजार डॉलरहून थोडे अधिक, शिवाय पगारातून कापलेला कर वेगळा. विवरणपत्र भरणे बंधनकारक नसले, तरी ते भरल्याशिवाय यातील एकही डॉलर हाती येत नाही. राहून गेलेल्या वर्षांचा दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांपर्यंत करता येतो.

येथे एक खाचखळगा विशेषतः भारतात ठेवी असणाऱ्यांसाठी आहे. २०२५ मध्ये गुंतवणुकीचे उत्पन्न ११,९५० डॉलरहून अधिक असेल, तर अर्न्ड इन्कम क्रेडिट मुळीच मिळत नाही, आणि त्यात भारतातील ठेवींचे व्याज, लाभांश आणि जमीन वा शेअर विकून झालेला नफाही धरला जातो. गावाकडील प्लॉट विकलेल्या वर्षी हे तपासावे. व्याज, भाडे आणि निवृत्तिवेतन हे श्रमाचे उत्पन्न नसल्याने क्रेडिट वाढवण्यास त्यांचा उपयोग होत नाही.

पाळणाघर आणि राज्याची क्रेडिट

१३ वर्षांखालील मुलाच्या पाळणाघराच्या खर्चावर २०२५ साठी एका मुलामागे ३,००० आणि दोन वा अधिकांसाठी ६,००० डॉलरपर्यंतचा खर्च धरला जातो. ४३,००० डॉलरवरील उत्पन्नाला त्याचे २० टक्के, म्हणजे ६०० किंवा १,२०० डॉलर मिळतात. येथे मुलाचा आयटीआयएन चालतो. अट अशी की पतीपत्नी दोघेही नोकरी करणारे, नोकरी शोधणारे किंवा पूर्णवेळ शिकणारे असावेत. परवाना नसलेली एच-४ वरील आई पदव्युत्तर शिक्षण घेत असेल, तर ती अट पुरी करते. घरीच असेल, तर करत नाही. पाळणाघराचा करक्रमांक फॉर्म २४४१ वर द्यावा लागतो, त्यामुळे शेजारच्या काकूंना रोखीने दिलेले पैसे यात दाखवताना अडचण येते.

संघीय पातळीवर नकार आला, म्हणून राज्याचे विवरणपत्र न वाचता भरू नये. न्यू जर्सीत सहा वर्षांखालील मुलांसाठी ८०,००० डॉलरपर्यंतच्या उत्पन्नाला राज्याचे वेगळे चाइल्ड टॅक्स क्रेडिट आहे आणि त्याला आयटीआयएन चालतो. कॅलिफोर्नियाचे राज्यस्तरीय अर्न्ड इन्कम क्रेडिटही आयटीआयएन धारकांना खुले आहे.

पुढील वर्षासाठी एक सावधगिरी घ्यावी. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी अर्थखात्याने काही क्रेडिटच्या परताव्याच्या भागाला १९९६ च्या कायद्यातील सार्वजनिक लाभ मानण्याचा आणि विशिष्ट स्थलांतरितांना तो नाकारण्याचा मनोदय जाहीर केला. २०२६ या करवर्षापासून तो लागू करण्याचा विचार असल्याने, ग्रीनकार्ड नसलेल्यांनी २०२७ मध्ये विवरणपत्र भरताना या वर्षीचा अनुभव गृहीत धरू नये.

दावा करताना शाळेचे पत्त्यासह पत्र, बालरोगतज्ज्ञाच्या भेटींची नोंद आणि घरभाड्याचा करार एका फाइलमध्ये ठेवावा, कारण आयआरएसची चौकशी आली तर मूल आपल्याजवळ राहत होते हे याच कागदांवरून ठरते. निष्काळजीपणे चुकीचा दावा केल्यास दोन वर्षे आणि फसवणूक केल्यास दहा वर्षे क्रेडिट बंद होते. परताव्याच्या टक्केवारीवर फी सांगणाऱ्या किंवा विवरणपत्रावर स्वतःची सही न करणाऱ्या सल्लागाराकडे जाऊ नये. कमी उत्पन्नाच्या घरांसाठी आयआरएसच्या व्हिटा केंद्रांत हे काम प्रशिक्षित स्वयंसेवक विनामूल्य करून देतात. आणि जानेवारीत विवरणपत्र भरूनही पैसे आले नाहीत, म्हणून घाबरू नये : अर्न्ड इन्कम क्रेडिट किंवा चाइल्ड टॅक्स क्रेडिटचा परताव्याचा भाग मागितला असेल, तर २०१५ च्या कायद्यानुसार संपूर्ण परतावा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रोखून ठेवला जातो.